अकरा स्टेशनं

कोणताही नकाशा समोर आला की बाई चष्मा कपाळावर ढकलायच्या, नाक कागदाला टेकेल इतक्या वाकायच्या आणि विचारायच्या, "स्केल कुठंय?"

लग्नपत्रिकेच्या मागे मंगल कार्यालयाचा रस्ता छापतात ना, तोही त्यातून सुटायचा नाही. मध्य प्रदेशात, धारच्या आमच्या शाळेत त्यांनी तीसेक वर्षं भूगोल शिकवला. मी त्याच शाळेच्या ऑफिसात होते आणि राहायला त्यांच्या शेजारी. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्याबरोबर कुठे जायचं म्हटलं की नको नको होतं आणि ज्याच्याशिवाय पाऊलही उचलत नाही.

माझा मुलगा लंडनला असतो. आमचे हे गेल्यावर तो सारखा बोलवत होता, पण एकटीनं विमानात बसायचा मला धीर नव्हता. बाईंना मागे-पुढे कुणी नव्हतं. म्हणाल्या, "मी येते. फळ्यावर जग काढून काढून हात दुखला, एकदा बघू तरी." मुलगा फोनवर खूश. "आई, अब टेन्शन नको घेऊस. बाई आहेत ना सोबत!"

टेन्शन तिथूनच सुरू झालं.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलानं आमच्या हातात भुयारी रेल्वेचा नकाशा ठेवला. रंगीत रेघा आणि त्यांवर सारख्या अंतरावर स्टेशनं. बाईंचा चष्मा वर गेला.

"हा नकाशा नाही, रांगोळी आहे. धारहून तिरला गाव जवळ, मनावर गाव कितीतरी लांब; दोन्ही एकाच मापाचं दाखवलं तर चालेल का?"

"बाई, गाडी कुठे बदलायची एवढं कळलं की बस्स," मुलगा म्हणाला.

"मग तसं लिहा ना. नकाशा कशाला म्हणता?"

आणि त्यांनी खरा नकाशा करायला घेतला. दोनशे पानी वही आणली. एक स्टेशन गाडीनं जायचं, वर यायचं, मग रस्त्यानं पावलं मोजत मागच्या स्टेशनापर्यंत चालायचं. मला राजवाडा बघायचा होता, पुलावर फोटो काढून जाऊबाईंना पाठवायचा होता. मी काय पाहिलं, तर जिने. एकदा दोन स्टेशनांमध्ये चारशे पावलंसुद्धा भरली नाहीत, तेव्हा बाईंनी रस्त्यातच मला धरलं. "बघ! म्हटलं नव्हतं?"

"पकडलात ना चोर? आता राजवाडा."

"राजवाडा कुठे पळतोय?"

म्युझियममध्ये तरी गप्प बसतील म्हणून मी हट्टानं एका मोठ्या म्युझियमला नेलं. बाहेर पाऊस, आत ऊब, बसायला बाकं. मी सुखानं टेकले, तोच पलीकडच्या दालनातून आमच्या माळवी ढंगात बाईंची हाक आली, "भिया, जरा इधर आओ!"

तिथला रखवालदार नशिबानं हिंदी समजणारा निघाला. काचेच्या पेटीत आपल्या माळव्याचा एक जुनापुराणा नकाशा होता आणि त्यात धरमपुरी नर्मदेच्या दक्षिण काठावर काढली होती.

"मेरा जन्म हुआ है वहाँ," बाई त्याला सांगत होत्या. "उत्तर किनारे पे. रोज नदी पे नहाते थे हम."

"माताजी, नक्शा दो सौ साल पुराना है।"

"तो दो सौ साल में किसी ने ठीक नहीं किया?"

बिचाऱ्यानं तक्रारीचा कागद आणून दिला. बाईंनी दोन्ही बाजू भरून इंग्रजीत लिहिलं आणि वर नदीची आकृती काढून दाखवली. तोवर म्युझियम बंद व्हायची वेळ झाली. चार दालनं बघायची राहिली होती. घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

असे सोळा-सतरा दिवस गेले. मग ते झालं.

एका स्टेशनावर गाडी बदलायची होती. बाई बाकावर वही उघडून काहीतरी लिहीत बसल्या होत्या. गाडी आली. "चला," म्हणून मी चढले, वळून बघते तर दारं मिटलेली. काचेपलीकडे बाई उठून धावत येत होत्या आणि गाडी सुटली होती.

माझ्या फोनची बॅटरी संपलेली. बाई फोन बाळगायच्याच नाहीत. 'चुकामूक झाली तर पुढच्या स्टेशनावर उतरून थांब,' असं मुलानं दहादा बजावलं होतं, पण त्या वेळी काही म्हणजे काही आठवलं नाही. घट्ट दांडा धरून उभी राहिले. गाडी कधीतरी भुयारातून वर आली, घरं विरळ झाली, शेतं दिसायला लागली. शेवटच्या स्टेशनावर सगळे उतरले, म्हणून मीही उतरले. बाकावर बसून, खोटं कशाला सांगू, मी रडले. मनातून बाईंना नाही नाही ते बोलले. यांच्या पावलांपायी मी आता परक्या मुलखात हरवणार.

गाड्या येत होत्या, रिकाम्या होऊन परत जात होत्या. तासाच्या वर गेला असेल. मग एका गाडीच्या अगदी मागच्या डब्यातून बाई उतरल्या. पदर सुटलेला, चेहरा घामानं डबडबलेला. मला पाहून त्या तिथल्या तिथे खांबाला टेकल्या.

"एवढा वेळ?" मीच ओरडले.

"अकरा स्टेशनं आहेत मधे," त्या धापा टाकत म्हणाल्या. "तू कुठे उतरशील याचा काय भरवसा? प्रत्येक ठिकाणी उतरले. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मग पुढची गाडी."

मी उठून त्यांचा सुटलेला पदर सारखा केला. तेव्हा माझं त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं.

"बाई, वही?"

"राहिली तिथेच बाकावर."

"कधी कळलं?"

"दुसऱ्या स्टेशनावर."

"मग परत नाही का जायचं?"

"मी मागे गेले असते तर तू आणखी पुढे गेली असतीस," त्या म्हणाल्या, जणू वर्गात उत्तर सांगत होत्या.

हरवलेल्या वस्तूंच्या ऑफिसात मुलानं दोनदा चौकशी केली. वही मिळाली नाही. त्यानंतर बाई मी म्हणेन तिथे यायला लागल्या. राजवाड्यापुढे उभ्या राहिल्या, पुलावर फोटोसाठी हसल्यासुद्धा. तीन दिवस मला हवं तसं सगळं झालं, आणि सांगते, इतके कंटाळवाणे दिवस मी तिथे दुसरे काढले नाहीत. चौथ्या दिवशी मीच दुकानातून वही आणली. "उठा. कुठून सुरू करायचं? मी मोजते, तुम्ही लिहा." माझे गुडघे त्या महिन्यात जे दुखायला लागले ते अजून दुखताहेत.

यंदा मी पुन्हा लंडनला निघाले, तर बाई यायलाच तयार नाहीत. "आता तुला कशाला सोबत? तू एकटी फिरशील." मला रागच आला. इंदूरच्या विमानतळापर्यंत मात्र आल्या, शेवेचं पुडकं घेऊन. फार वाळल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "ऊन किती आहे बघतेस ना?" आजारी आहेत हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं, हे मला नंतर, तिकडे बाई गेल्याचा धारहून फोन आला तेव्हा समजलं. सांगायला काय जात होतं? मी तिकीट बदललं असतं. मी घरी राहिले असते. म्हणूनच सांगितलं नसणार, आणि त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

त्या दिवशी विमानतळाच्या आत गेल्यावर मी काचेतून मागे वळून पाहिलं. बाई दारावरच्या शिपायाला बाहेरच्या कुठल्याशा पाटीकडे बोट दाखवून काहीतरी समजावून सांगत होत्या. तो माना डोलावत होता. मी हात हलवला, बराच वेळ हलवला. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.