रस्त्याकडेचं खाचर

तात्या गेल्याचं कळलं तेव्हा मी लोणावळ्याला शाळेतून नुकताच घरी आलो होतो. निरोप आणणाऱ्याने डोळे पुसत सांगितलं, "मास्तर, शेतकऱ्यांचा कैवारी गेला." तात्या माझा सख्खा चुलतभाऊ. वाईट वाटलंच, इंद्रायणीत मला पोहायला त्यानेच शिकवलं. पण 'कैवारी' हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. शोकसभेत मी बोललो नाही. बोललो असतो तर लोकांनी हाताला धरून खाली बसवलं असतं... म्हणून इथे लिहितो आहे.

लढाईच्या दिवसांत धान्याची टंचाई झाली आणि माळ फोडून भाताची नवी खाचरं करणाऱ्यांना सरकारी मदत जाहीर झाली. अट एकच, साहेबाने उभं पीक स्वतः पाहायचं. साहेबाला गावातली शेतं दाखवायचं काम तात्याने अंगावर घेतलेलं. आमचं गाव कामशेतपासून आत, पावसाळ्यात गुडघाभर चिखलात. साहेबाचे बूट चकचकीत, आणि त्या बुटांची काळजी साहेबापेक्षा तात्यालाच जास्त! रस्त्याला लागून नवं खाचर एकच होतं, अमीनामावशीचं. नवरा गेल्यावर या बाईने सुनेला हाताशी घेऊन दगड वाहिले, बांध घातला, भात लावला. तात्या दर खेपेला मोटार तिथेच थांबवायचा. बांधावर मालक म्हणून कधी पाटलाचा भाऊ उभा, कधी दुकानदार, कधी खुद्द तात्या. बाहेर पाऊस, आत साहेब. काचेआडूनच मान हलवायचा. ज्यांनी माळावर कुदळ मारली नव्हती त्यांनी मदत खिशात घालून पेढे वाटले. आपली पाळी कधी, हे मावशी विचारायला आली की तात्या म्हणायचा, "मावशी, तुमचं रान तर रस्त्यालाच हाय. तुमाला कसली घाई?"

मावशीला घाई होती. पावसाने बांधाला खिंडार पडलं होतं. मजूर लावून तो सावरला नाही तर पुढे खाचरात पाणी ठरणार नव्हतं. शेवटी एकदाची तिची पाळी आली. मी सुटीला गावी होतो, म्हणून तिथे हजर होतो. नेमकं त्या दिवशी ऊन पडलं आणि साहेबाने काच खाली केली. बांधावरची वाकडी जांभळ पाहून तो म्हणाला, "हे शेत मी पाहिलंय. याची मदत दिलेली आहे."

"मग माजं रान कुटं हाय, साहेब?" मावशीने विचारलं.

साहेबाने तात्याकडे पाहिलं आणि तात्याने आभाळाकडे. एक शब्द बोलला असता... पण मग त्याने स्वतः घेतलेली मदतही परत करावी लागली असती. मी पुढे होऊन सांगू लागलो तोवर मोटार सुटली. वर हा महापुरुष मावशीलाच म्हणतो, "पुढल्या खेपेला तुमाला दुसऱ्याच्या बांदावर हुबं करतो, मग झालं?" मावशी त्याच्या पायाशी थुंकली आणि निघून गेली. पुढच्या पावसात बांध वाहून गेला. त्या मदतीवर ढेकर देणाऱ्यांपैकी एकानेही तिथे पाटीभर माती टाकली नाही.

गेल्या आठवड्यात गावकऱ्यांनी मला बोलावलं. तात्याच्या नावाने चबुतरा बांधायचा आहे. जागाही ठरलेली, मावशीचं पडीक खाचर. हार घालायला मोठी माणसं येतील, त्यांचे पाय चिखलात जायला नकोत ना! सगळे मावशीकडे गेले, मीही गेलो. ती दुसऱ्याच्या रानात मजुरीने भात कापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, विळा हातातच होता.

"बांदा की," ती म्हणाली. "पर आदी साहेबाला इचारून या, ही जिमीन कुनाची हाय."