सावनेरच्या सखूबाईंचं गाणं

सांगलीहून नागपूरच्या गाडीत बसले तेव्हा माझा उजवा कान पूर्ण गेलेला होता, आणि डाव्याचा भरवसा डॉक्टरांनी वर्ष-दीड वर्षापलीकडे दिला नव्हता. तपासणीहून परतताना मोहनने, माझ्या नवऱ्याने, कानाशी येऊन विचारलं होतं, "कुणाचं गाणं समोर बसून ऐकायचं राहिलंय तुझं?"

मी तिघांची नावं घेतली. पहिले ख्याल गाणारे एक बुवा. रविवारी सकाळी वडील त्यांची तबकडी लावायचे आणि तोडी सुरू झाली की आई हातातलं भांडंसुद्धा जपून ठेवायची. दुसरे गझल गाणारे. लग्नानंतरच्या भाड्याच्या खोलीत आमच्याकडे पंखा नव्हता, पण त्यांची कॅसेट होती. हे दोघेही आता नाहीत. उरल्या सखूबाई.

नर्सिंगच्या वसतिगृहात माझ्या खोलीत नागपूरची वंदना होती. सखूबाईंची भीमगीतं मी तिच्याच टेपवर ऐकली. उघडा, रुंद आवाज. ऐकताना पाठ आपोआप ताठ व्हायची. एका गाण्यात "आई, तुझ्या फाटक्या पदराला" इथे फीत तुटलेली होती. वंदनाने ती चिकटवली, पण पुढचे शब्द गेले ते गेलेच. आता त्याच वंदनाचा निरोप आला होता, 'बाई सावनेरले आहेत, लेकाकडे. तू ये फक्त.'

जानेवारीतली सकाळ. फलाटावर वंदना शाल गुंडाळून उभी होती. मला पाहताच ओरडली, "काहून वं (का गं), इतकी वाळली?" आणि मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरून रडली. स्टेशनबाहेर तिने तर्री पोहे खायला लावले. तर्री म्हणजे पोह्यांवर ओतलेला चण्याचा लालभडक रस्सा. दुसऱ्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी.

"भिवापूरची मिरची हाय, बाई. सांगलीवाल्यांचं काम नाही ते," वंदना म्हणाली आणि माझ्या बशीतली तर्री स्वतःच्या बशीत ओतून घेतली.

सावनेरच्या एसटीत खिडक्या इतक्या खडखडत होत्या की डाव्या कानातलं ऐकण्याचं यंत्र डोक्यात किंचाळायला लागलं. मी ते काढून रुमालात गुंडाळलं आणि बाहेर बघत राहिले. वेचणीला आलेला कापूस, मध्येच संत्र्यांची बाग, आणि कोळशाचे ट्रक जाऊन जाऊन काळी पडलेली रस्त्याची कड. सावनेरला उतरून तोंड पुसायला रुमाल उघडला तर आत काहीच नाही. एसटी पुढे निघून गेली होती. वंदना धावली, डेपोतल्या माणसाने फोन लावला, वाहकाने बाकांखाली पाहिलं. नाही मिळालं.

मी स्टँडवरच्या बाकावर बसले. इतक्या लांब आले ते एका आवाजासाठी, आणि तो ऐकायचं साधन स्वतःच्या हाताने घालवलं. वंदना माझ्या डाव्या कानाशी तोंड आणून ओरडली, "चाल न! पाहून तर येऊ तिले!"

सखूबाईंचे यजमान कोळशाच्या खाणीत होते. ते गेल्यावर त्या मुलाकडे राहतात. दारात त्यांची नात निकिता उभी होती, कॉलेजात शिकणारी. आत खाटेवर सखूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. इतक्या लहानखुऱ्या असतील असं मला वाटलं नव्हतं. मी जय भीम करून पाया पडले. वंदनाने सगळी हकिकत सांगितली असावी. मला दोघींचे फक्त ओठ हलताना दिसत होते.

सखूबाईंनी मेथीची परात बाजूला सारली. मला खाटेवर बसवलं, माझ्या डाव्या बाजूला सरकल्या आणि कानावरचे केस बोटांनी मागे घेतले.

"माईक नसे तवाही गायली मी," त्या मोठ्यांदा म्हणाल्या. "हजार लोकायले ऐकू जाये. तुह्या एका कानाले नाही जाईन का?"

आणि त्या गायल्या. आवाज जुना झाला होता, वर जाताना फाटत होता, दम पुरत नव्हता. पण त्यांचा गरम श्वास कानावर येत होता आणि प्रत्येक शब्द स्पष्ट होता. "आई, तुझ्या फाटक्या पदराला" आलं. मी श्वास रोखला.

"शाईचा काठ लावीन मी."

मला हुंदका आवरेना. सखूबाई थांबल्या. "रडून काहून राहिली वं?"

"ही ओळ आमच्या टेपवर तुटली होती," मी म्हटलं. "पस्तीस वर्षं ठाऊक नव्हती."

त्या वंदनाकडे बघून खळखळून हसल्या. मग तीच ओळ त्यांनी आणखी चार वेळा म्हटली, दर वेळी थोडी निराळी. शेवटी मलाही म्हणायला लावली.

जेवायला पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा होता. वाढता वाढता सखूबाईंनी नातीला पुढे ढकललं आणि त्या माझ्या कानाशी ओरडल्या, "ही पोट्टी (पोरगी) पण गाते. गाते का भांडते, मले तर समजत नाही!" निकिता लाजली, पण माझ्याजवळ आली आणि टाळीच्या ठेक्यावर स्वतःचं रॅप धडाधड म्हणायला लागली. वेग एवढा की मला चार-दोन शब्दच कळले: खाण, धूळ, आजी. शब्द निसटत होते, पण मानेची ती ऐट आजीचीच होती. मी तिला वहीत लिहून द्यायला सांगितलं. तिने तीन पानं भरून दिली.

परतीच्या प्रवासात मी ती पानं वाचत आले. डब्यात बायका बोलत होत्या, चहावाले जात होते. माझ्यापर्यंत फारसं काही पोहोचत नव्हतं. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. वाटली, मनमाडपर्यंत वाटत राहिली. पण जे गाणं आता आत शिरलं आहे ते ऐकायला मला कान लागणार नाही, हेही कळत होतं.

सांगलीला मोहन फलाटावर आला होता. त्याने काहीतरी विचारलं. मी बॅग खाली ठेवली, आणि जन्मात चारचौघांत न गायलेली मी, तिथेच उभी राहून सखूबाईंचं गाणं म्हणायला लागले. सूर लागतोय की नाही हे मला कळायला मार्ग नव्हता. लोक वळून बघत होते. मोहनने हातातलं वर्तमानपत्र काखेत धरलं, डोळे मिटले आणि गाणं संपेपर्यंत तो जागचा हलला नाही.