मखरातले लढाऊ विमान

चंदेरी रंग काहीही लपवत नाही. हिरव्या-तपकिरी रंगाखाली सांध्यातली फट, वाळलेल्या गोंदाचा थेंब, पॉलिशपेपरचा ओरखडा सगळे निभावून जाते. चंदेरीखाली बोटाचा ठसासुद्धा वर येतो. हे ठाऊक असूनही मी चंदेरीच निवडला. आपल्या हवाई दलाची जी त्रिकोणी पंखांची लढाऊ विमाने मी छायाचित्रांतून अभ्यासली होती, ती उघड्या धातूचीच होती, आणि परीक्षक प्रत्येक प्रतिकृती मूळ विमानाशी ताडून पाहणार होते.

स्पर्धा जुहूच्या लहान विमानतळालगत एका हौशी मंडळाने भरवली होती. प्लास्टिकच्या सुट्या भागांतून विमानाची प्रतिकृती बनवून आणायची, आणि पहिला येईल त्याला तिथल्या दोन आसनी विमानातून एक फेरी. ढाली आणि प्रमाणपत्रे माझ्याकडे शाळेपासून पुरेशी साठली होती. मला फक्त ती फेरी हवी होती.

घाटकोपरला आमची चाळ टेकडीच्या उतारावर, उतरणाऱ्या विमानांच्या बरोबर वाटेखाली होती. विमान डोक्यावरून जाऊ लागले की मांडणीवरची भांडी थरथरत, बोलणारा वाक्याच्या मधेच थांबे आणि आवाज ओसरला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करी. नव्या पाहुण्यांना हे विचित्र वाटे. आम्हाला त्यात काही वेगळे आहे हेही कळत नसे. मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करत होते आणि पुढे विमानशास्त्राकडे वळायचे नक्की केले होते. पंखावरच्या दाबाची समीकरणे मला झोपेतून उठवून विचारली असती तरी मांडता आली असती. विमानात मात्र मी कधी पाय ठेवला नव्हता. वर्गात त्याविषयी बोलताना मला दर वेळी ऐकीव माहिती सांगितल्यासारखे वाटे, आणि ते मला सहन होत नसे.

सुट्या भागांचा खोका जहाजावर नोकरीला असलेल्या मामाने सिंगापूरहून आणला. "भाचीने साडी सांगावी, सेंट सांगावं," तो आईला म्हणाला, "हिने काय सांगावं तर फायटर. उद्या तोफ मागेल."

"तोफ घरातच आहे," आई म्हणाली.

हा छंद माझ्या स्वभावाला मुळीच मानवणारा नव्हता. भाग चौकटीतून कापण्यात, त्यांच्या कडा घासण्यात, मोजमापात मला गोडी होती. पण या कामातला बराचसा वेळ काहीही न करण्यात जातो. गोंद वाळायला हवा, मग फटींतले भरण वाळायला हवे, मग रंगाचा पहिला हात वाळायला हवा. मी अर्धवट सुकलेला सांधा दाबून पाही आणि तो पुन्हा उघडे. उठून गॅलरीत जाई, परत येई, पुस्तक उघडी, मिटून ठेवी. "बूड म्हणून टेकत नाही तुझं," आई म्हणे. शेवटी मी एक युक्ती काढली. गोंद लावला की विमान कपाटात कुलूपबंद करायचे, किल्ली आईकडे द्यायची आणि प्रयोगशाळेत निघून जायचे. आईने ती जबाबदारी इतकी मनावर घेतली की रंग वाळल्यावरही ती किल्ली देण्याआधी माझी उलटतपासणी घेऊ लागली.

विमान मागच्या बाजूला बसू नये म्हणून नाकात मी वर्सोव्याहून आणलेल्या, जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या भरल्या. पत्र्यांचे जोड कंपासच्या टोकाने पुन्हा कोरून घेतले, कारण घासताना ते पुसले गेले होते. चालकाच्या कोठडीतली यंत्रे घोड्याच्या शेपटीच्या एका केसाने रंगवली. खोक्यात चिन्हे परक्या हवाई दलाची होती. आपली तीन रंगांची वर्तुळे मी हाताने काढली. स्पर्धा गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी होती. गणपतीच्या आठवडाभर आधी विमान पूर्ण झाले, आणि अडचण तिथूनच सुरू झाली.

बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. संपानंतर गिरणी पुन्हा उघडली नाही, आणि ते माहुलच्या बाजूला एका कारखान्यात स्टोअर सांभाळू लागले. त्यापूर्वी आमच्या घरचा गणपती चाळीत प्रसिद्ध होता. बाबा थर्माकोलचे मखर स्वतः कापत आणि दर वर्षी नवा देखावा करत. एकदा सिंधुदुर्ग केला होता, एकदा दीपगृह. पोरे-बाळे रांगेने पाहायला येत. संपानंतर मात्र मूर्तीमागे आईची एक जरीची साडी लागे, तेवढेच. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा पुन्हा थर्माकोल आणला. त्याचे ढग कापले, आणि मग माझ्या विमानाकडे पाहत उभे राहिले.

"अगो, यंदा हे ठेवूया ना मखरात. ढगांतून येतंय असं."

नाही म्हणण्याची सगळी कारणे माझ्याकडे होती. ती मी मनात मांडलीही. पण एवढ्या वर्षांनी ते पुन्हा उभे राहून काहीतरी कापत होते. मी अटी घातल्या. विमान दोऱ्याने टांगायचे, कुठेही चिकटवायचे नाही. दिवा फक्त पंधरा वॅटचा, तोही हातभर अंतरावर. हे प्लास्टिक उकळत्या पाण्याच्या थोडे अलीकडेच मऊ पडते, हे मी त्यांना समजावून सांगितले. बाबांनी अटी मान्य केल्या आणि माझ्यासमोर अंतर हाताने मोजले. टांगून झाल्यावर ते मागे सरकले. खूश असले की ते मालवणीवर येत.

"कसा शोभता बघ गो," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी प्रयोगशाळेतून परतले तेव्हा घरात भजन रंगात आले होते. बाबांचे गिरणीतले जुने सोबती दर्शनाला आले होते. दारातच मला जाणवले की खोलीत उजेड जास्त आहे. मागाहून आईने सांगितले ते असे. त्यांच्यातल्या एकाने विचारले, "काय रे, विमान विमान म्हणून सांगतोस, आहे कुठे?" दुसरा म्हणाला, "ब्लॅकआउट केलाय त्याने, लढाई लागली असंल." सगळे हसले. बाबांनी स्वयंपाकघरातला शंभरचा बल्ब काढून मखरात लावला, आणि वायर तेवढी पुरेना म्हणून तो थोडा विमानाच्या जवळ घेतला.

डावा पंख टोकाकडून ओल्या पापडासारखा लोंबत होता. रंगाला एकही तडा गेला नव्हता. चंदेरी झिलई तशीच, फक्त तिचा आकार गेला होता.

बाबांच्या ते माझ्या चेहऱ्यावरून लक्षात आले. हातातले टाळ ठेवून ते पुढे झाले. "थांब, मी खाली घेतो."

"हात लावू नका."

प्लास्टिक अजून मऊ होते, म्हणून मी तसे म्हणाले. पण माझा स्वर फक्त तेवढ्यासाठी नव्हता. भजन थांबले. गिरणीतले एक काका समजुतीने म्हणाले, "देवासमोर बापाला असं बोलू नये, पोरी." मी दिवा बंद केला. त्या काळोखात कोणीतरी पुन्हा अभंग धरला, आणि बाकीच्यांनी तो उचलला.

विसर्जन होईपर्यंत विमान हलवायचे नाही असे आईचे म्हणणे पडले; एकदा देवापुढे ठेवलेले मधेच उचलायचे नसते. ते दिवस मी कसे काढले ते सांगणे कठीण आहे. वाचलेले डोक्यात शिरत नव्हते. मी दर थोड्या वेळाने मखरासमोर जाऊन उभी राही, आणि शेजारच्या काकूंना वाटे की मी नवस बोलते आहे.

विसर्जनानंतरच्या दुपारी मी स्टोव्हवर पाणी तापवले.

"भाताचा टोप आहे तो," आई म्हणाली.

"प्लास्टिकच शिजवायचंय, आई. भाताला लागणार नाही."

बाबांनी त्या दिवशी अर्धी रजा टाकली होती. ते ओले फडके घेऊन माझ्या बाजूला उभे राहिले. पंख पाण्यात क्षणभर बुडवायचा, उचलायचा, पुठ्ठ्याच्या साच्यावर दाबून धरायचा, मग फडक्याने थंड करायचा. मूळ विमानाचे पंख टोकांकडे किंचित खाली झुकलेले असतात, दोन अंशांनी. साचा मी त्याच मापाने कापला होता. पहिल्या काही प्रयत्नांत पंख झपाट्याने वर आला, आणि मग थांबला. आणखी उष्णता दिली की पुढची पातळ कड सुरकुतू लागे. कोनमापकाने मोजले तर चार अंश. त्यापलीकडे तो जाणार नव्हता.

डावा चार, उजवा दोन. समोरून पाहिले की विमान एका खांद्याने वाकल्यासारखे दिसे. अंश सांगता न येणाऱ्या माणसाच्याही डोळ्याला ते खुपले असते. डोळा माप ओळखत नाही, दोन बाजूंतला फरक ओळखतो. मी उजवा पंख पाण्याकडे नेला.

बाबांनी माझे मनगट धरले. "तो चांगला आहे ना? चांगला आहे तो कशाला वाकवतेस?"

"दोन्ही सारखेच चुकले तर चूक दिसत नाही."

त्यांनी दोन्ही पंखांकडे आळीपाळीने पाहिले आणि मनगट सोडले. उजवा पंख पहिल्याच बुडीत चार अंशांवर आला, आणि विमान एकदम सरळ दिसू लागले. बाबा फडके हातात तसेच धरून त्याच्याकडे पाहत राहिले. ते इतके प्रभावित झाले होते की तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

रविवारी ते माझ्याबरोबर जुहूला आले. घाटकोपरहून अंधेरी, मग दुसरी बस. खोका पूर्ण वेळ त्यांच्या मांडीवर. दालनात सगळे पुरुष होते आणि बहुतेकांनी मला कोणाची तरी बहीण समजून विचारले की भाऊ कुठे आहे. मुलुंडच्या एका बँक अधिकाऱ्याने जुन्या काळचे दुहेरी पंखांचे विमान आणले होते. त्याच्या पंखांमधल्या दोऱ्यांचे ताण पाहून मला कळले की खरा सामना त्यांच्याशीच आहे.

मुख्य परीक्षक निवृत्त वैमानिक होते आणि माझ्या टेबलावरच्या जातीचे विमान त्यांनी स्वतः चालवले होते. टेबलाच्या पातळीला डोळे आणून ते समोरून पाहू लागले. माझी बोटे खोक्याची कड सोलत होती. ते बाजूला गेले, मागून पाहिले, पुन्हा समोर आले.

"सांधे कुठे आहेत?" त्यांनी विचारले.

"घासून काढले."

"हं." ते जोडीदार परीक्षकाकडे वळून म्हणाले, "हेच, मला वाटतं." जोडीदाराने मान हलवली.

त्या क्षणी बाबा पुढे सरसावले. "साहेब, एक सांगू? हे गणपतीत होतं आमच्या. बल्बने याचा पंख साफ वाकला होता. हिने भाताच्या टोपात घालून सरळ केला. पूर्ण होईना, तर दुसरा चांगला होता तोपण तेवढाच वाकवला. बघा, कळतंय काय कुठे?"

त्यांचा चेहरा इतका उजळला होता की त्यांना मधे थांबवणे मला जमले नाही.

परीक्षक पुन्हा खाली वाकले. या वेळी बराच वेळ.

"मूळ दोन अंश," ते म्हणाले. "हे किती?"

ठाऊक नाही असे म्हणता आले असते. "चार."

"मी या विमानात वर्षं काढली आणि मला दिसलं नाही," ते उठत म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "पण आता दिसतंय. आता न दिसल्यासारखं करता येणार नाही."

माझा दुसरा क्रमांक आला. मुलुंडच्या गृहस्थांनी घड्याळ, चष्मा आणि पाकीट पत्नीच्या हाती दिले आणि ते विमानाकडे निघाले. आम्ही धावपट्टीलगत बांधलेल्या दोरीपाशी उभे राहिलो. ते छोटे विमान धावपट्टीवर डुगडुगत गेले, आवाज चढला, आणि मग ते इतक्या सहज उठले की नेमका कोणता क्षण ते मला टिपता आले नाही.

"त्यांना कळलं नव्हतं ना?" बाबा म्हणाले. "मग पहिला नंबर तुझाच."

"नंबराचं नाही, बाबा. वर कोण आहे ते बघा."

त्यांनी वर पाहिले. विमान समुद्राकडे वळले होते. ते वळण पूर्ण होऊन विमान परत दिसेपर्यंत बाबांनी मान खाली केली नाही.

"मी गप्प बसलो असतो तर तू असतीस तिथे."

"हो."

त्यांना बरे वाटावे असे काही सुचत होते, पण मी ते बोलले नाही. खोटे बोलण्याइतकीही स्थिरता माझ्यात नव्हती. विमान उतरले, आमच्यासमोर येऊन थांबले. मुलुंडचे गृहस्थ उतरले आणि हसू लागले. विमानाच्या नाकावरचा पंखा अजून फिरत होता. मी दोरी उचलली आणि खालून पलीकडे गेले.

"अगो, कुठे? खोका..."

"धरा तुम्ही."

वैमानिक माझ्याच वयाचा असावा. मी त्याला विचारले, इथे विमान चालवायला शिकायचे असेल तर सुरुवात कुठून करायची. त्याने माझ्याकडे, मग दोरीपलीकडे खोका घेऊन उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिले.

"आधी मेडिकल. मग ऑफिसात या. सोमवारी उघडतं."

सोमवारी माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती.

"किती वाजता?" मी विचारले.