लूमच्या खडखडाटात बाबा

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. माणसांवरही जरा कमीच, हे इम्रान सांगेल. तरी लिहितेय, कारण मनातून जातच नाही...

मी लष्कराच्या वायरलेससाठी आवाजाचं मॉडेल चालवते. म्हणजे बोलणं आकड्यांत दाबायचं, कॉम्प्युटरवर मुद्दाम बिघडवायचं, परत उलगडायचं आणि किती शब्द कळतात ते बघायचं. मागे गोंगाट लागतो. रणगाडा कुठून आणू? धामणकर नाक्याजवळच्या कारखान्यात लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, खडखडाट रेकॉर्ड केला. बाबांनी तिथेच तीस वर्षं ड्युटी केली. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला, आणि घरात त्यांच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग नाही. कुणाला सुचलंच नाही.

त्या दुपारी कुणाचंही बोलणं न मिसळता नुसता गोंगाट मॉडेलमधून चालवून बघितला. हेडफोनमध्ये खडखड... आणि मधेच स्पष्ट — "जेवलीस का गो बाय?"

बाबांचाच आवाज. शिफ्टमधून बाबा रोज फोन करून हेच विचारायचे.

मग डोकं तापलं. शेजारच्या टेबलावर इम्रान, शेलार गावचा, मस्करीत एक नंबर. यानेच एआयने आवाज बनवून घुसवला असणार! सगळ्या ऑफिससमोर त्याला नाही नाही ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "नमुना असल्याशिवाय आवाज बनतो का? तुझ्या बाबांना मी कधी बोलताना ऐकलेलंच नाही."

पटलं नाही. मला चोर पकडायचाच होता. आमच्या मॉडेलमध्ये सुरुवातीचा आकडा तोच दिला की निकालही तंतोतंत तोच येतो. आवाज परत आला नाही, तर कुणीतरी फाईलशी खेळलंय हे सिद्ध. तावातावाने परत रन मारला.

नुसता खडखडाट. जिंकले म्हणून वळणार, तेवढ्यात स्क्रीनवर नजर गेली... फाईलचं नाव बदलायचं राहिलं होतं. नवी फाईल बाबांचा आवाज असलेल्या जुन्या फाईलवरच बसली होती.

नंतर लॉग तपासला. त्या फाईलला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. मूळ रेकॉर्डिंग शंभरदा ऐकलं — मोटार, धोटा, बास. इम्रानची माफी मागितली. "जाऊ दे" म्हणाला, पण डबा आता वेगळ्या टेबलावर खातो.

दिघाशीला घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "कसा व्हता आवाज?"

मला रडूच आलं. म्हटलं, तुमचाच होता बाबा. तो कुठून आला, मला अजून कळलेलं नाही. पुसला मात्र मीच.