टेबलाखालून बाहेर

मैत्रिणींनो, आत्ताच इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या थिएटरात एक जुनी फ्रेंच कॉमेडी बघून आले. ढोंगी साधू घरात शिरतो आणि त्याच्या नादी लागून घरधनी पोटच्या मुलालाच हाकलतो. कॉन्व्हेंटमध्ये हे नाटक शिकवताना आमच्या सिस्टरच सगळ्यांत जास्त हसायच्या.

आज मीही हसत होते. शेजारी बसलेले आमच्या ओळखीचे सुधाकरराव मात्र रंगमंचाकडे एकटक बघत होते. त्यांनीही एका महाराजांना घरात ठेवलं होतं आणि त्यापायी लेक रीमा घर सोडून गेली होती. पुढे महाराजांचं ढोंग उघडं पडलं, आणि आज तीच त्यांना घेऊन आली होती.

साधू आपल्याच बायकोशी लगट करतोय हे ऐकून टेबलाखाली लपलेला घरधनी हादरून बाहेर आला, तसे सुधाकरराव पुटपुटले, "हा मीच गं."

रीमाने त्यांचा हात धरला. "बट ही गॉट आउट, बाबा."

मी डोळे पुसले. फसून परत आलेल्या आपल्या माणसाला तुम्ही पहिलं काय म्हणाल?