बोहनीचा हात

नाशिकरोडच्या भाजीबाजारात सकाळी लवकर गेलं की भाजीवाल्यांच्या नजरा आपल्यावरच असतात. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे बोहनी, कोणाच्या हातून होते यावर त्यांचा सगळा दिवस अवलंबून असतो. निदान त्यांची तशी समजूत आहे. पहिल्या गिऱ्हाइकाने भाव विचारून तसंच पुढे जायचं नसतं, उधार मागायचं नसतं, फार घासाघीसही करायची नसते. मिळालेली नोट आधी काट्याला लावायची, मग डोळ्यांना, आणि मग कमरेच्या पिशवीत टाकायची.

मी कितीतरी वर्षं एकाच भाजीवालीची बोहनी करत आले. ती एकलहऱ्याच्या बाजूच्या एका गावातून यायची. माझ्याहून थोडीच मोठी असेल, पण भाजीवालीला मावशी म्हणायची आपल्याकडे पद्धत, म्हणून मीही तिला मावशीच म्हणायचे. कपाळावर ठसठशीत लाल टिकली, हातात काचेच्या बांगड्या आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. एकदा सहज मी सकाळी सगळ्यांच्या आधी तिच्याकडून मेथी घेतली आणि त्या दिवशी म्हणे तिची पाटी दहाच्या आत रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी मला लांबूनच पाहून तिने हाक मारली.

"ओ ताई, या या! तुमचा हात लय चांगला हाय. बोहनी करून जा."

झालं. तेव्हापासून मी तिची झाले.

मी ज्युनियर कॉलेजात वाणिज्य शिकवते. ग्राहक एकाच दुकानात पुन्हा पुन्हा का जातो, हा प्रश्न मी दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून देते. खाली उत्तरं असतात: किंमत, दर्जा, सवय, विश्वास, विक्रेत्याची वागणूक. मुलं ती घोकतात आणि परीक्षेत ओकतात. मावशीच्या बाबतीत यातलं एकही उत्तर खरं नव्हतं. तिची भाजी काही बाजारात सगळ्यात चांगली नव्हती. टोमॅटोत दोन-तीन मऊ ढकलायची तिला खोड होती आणि भाव तर ती सरळ चढाच सांगायची. तरी मी रोज सकाळी गाडी काढून जायचे. घरी मेथीच्या दोन जुड्या पडलेल्या असताना तिसरी घेऊन यायचे, कारण बोहनीला नाही कसं म्हणायचं?

नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होता. रात्रपाळी करून तो घरी यायचा तेव्हा मी पिशवी घेऊन दारात उभी असायचे. "जा बाई, जा," तो बूट काढता काढता म्हणायचा, "तुझ्या हातावाचून तिकडे सूर्य उगवायचा थांबलाय." मी चिडायचे, पण आतून सुखावायचे. घरात, कॉलेजात, नातेवाइकांत मला कोणी कधी शुभ म्हटलं नव्हतं. आमच्या माहेरी तर तो शब्दच चालायचा नाही. आम्ही वस्तीतल्या बुद्धविहारात वाढलेली माणसं. वडिलांनी मुहूर्त, पायगुण, हातगुण हे सगळं घराबाहेर काढलं होतं. त्यांच्या मुलीला रोज सकाळी एक भाजीवाली तुमचा हात चांगला म्हणते आणि ती त्यावर फुगते, हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी मला चांगलंच झापलं असतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि तरी मी जातच राहिले.

गेल्या वर्षी नवरा गेला. निवृत्तीला थोडे महिने उरले असताना, अचानक.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्यातल्या शोकसभेला, सगळे जमले तेव्हा माझ्या कपाळावर टिकली नव्हती. कोणी काढायला लावली नव्हती, उलट जाऊबाई टिकलीचं पाकीट घेऊन माझ्यासमोर बसल्या. "आपल्यात हे पाळत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. लावा बरं," असं म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मैत्रिणींनी समजावलं, पुण्याहून आलेल्या मुलाने समजावलं. मी ऐकलं नाही. मी रीत म्हणून टिकली काढली नव्हती. सकाळी आरशासमोर उभं राहून टिकली लावताना मागून तो काहीतरी बोलायचा, रोज काहीतरी फालतूच. आता तिथे उभं राहणं मला जमत नव्हतं. पण हे कोणाला समजावून सांगणार? मी नुसती नाही म्हणत राहिले आणि मग त्यांनी नाद सोडला.

दोनेक महिने भाजी शेजारपाजारचे आणून देत होते. मग एका सकाळी मला वाटलं, आता जावं. खरं सांगायचं तर मला मावशीची हाक ऐकायची होती. बाकी सगळीकडे लोक माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. निदान ती तरी मोठ्याने ओरडेल, असं मनात होतं.

बाजार नुकताच मांडला जात होता. मावशी पाण्याचे हबके मारून पालक ताजा करत होती. तिने मान वर केली. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग कपाळाकडे, आणि पुन्हा पालकाकडे.

"आलात व्हय ताई," ती म्हणाली. "कळलं मला. लय वाईट झालं."

मी मान हलवली आणि सवयीने मेथीची जुडी उचलली.

"थांबा जरा," ती घाईघाईने म्हणाली. "काटा लागत नाय आज. शून्यावर येईना."

मेथीच्या जुडीला काटा कशाला लागतो? मी जुडी हातात धरून उभी राहिले. ती काट्याची बटणं दाबत राहिली. तो पुसला, उचलून पुन्हा ठेवला. तेवढ्यात एक तरुण मुलगी आली, व्यायामाच्या कपड्यांत, कानात गाण्याची ती बोंडं घातलेली. तिने कोथिंबीर मागितली आणि मोबाईल पुढे केला. बोहनीला फोन चालत नाही, रोकडाच लागतो, हे मावशीचं माझ्याशी ठरलेलं वाक्य. एकदा माझ्याकडे सुटे नव्हते तर तिने मला शेजारच्या चहावाल्याकडे पिटाळलं होतं. आज तिने काही न बोलता फोनवरून पैसे घ्यायचा तो चौकोनी कागद पुढे सरकवला. बोलक्या डब्याने पैसे आल्याचं ओरडून सांगितलं. मावशीने त्या डब्याला हात लावून तो डोळ्यांना लावला.

त्यानंतर काटा सुरू झाला.

"बोला ताई, काय काय देऊ?" आता आवाज नेहमीचा होता. मी जे मागितलं ते तिने दिलं, एकही टोमॅटो मऊ दिला नाही, आणि वर मूठभर मिरच्या आणि आल्याचा मोठा तुकडा पिशवीत टाकला. इतकं तिने कधीच दिलं नव्हतं. मी गाडीपाशी आले. कोणी पाहिलं का, म्हणून मी आजूबाजूला बघितलं. चोरी मी केल्यासारखं मलाच वाटत होतं.

पुन्हा तिकडे पाऊल टाकायचं नाही, असं मी ठरवलं. मुलाने मोबाईलवर भाजीचं ॲप घालून दिलं. दहा मिनिटांत भाजी दारात. आलेल्या पोऱ्याला माझं कपाळ बघायला वेळ नसायचा. ॲप रोज मला नावाने नमस्कार करायचं, आणि थोड्याच दिवसांत 'तुम्ही आमच्या खास ग्राहक आहात' असा निरोपही आला. तो वाचून मी कडवटपणे हसले. शेजारच्या बायकांनी विचारलं, तर गुडघे दुखतात म्हणायचे. मुलालाही तेच सांगितलं. बाजारावरून जायची वेळ आली, तर मी मागच्या गल्लीने जायचे, माझा काहीएक गुन्हा नसताना.

मनात मात्र मी तिच्याशी रोज भांडत होते. अडाणी बाई, इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक आणि एका टिकलीवरून किंमत केलीस! भांडण रंगात यायचं, आणि मग माझ्याच लक्षात यायचं, की तिने मला अशुभ मानलं म्हणून मी चिडले आहे, पण तिने मला शुभ मानलं तेव्हा मी कधी चिडले नव्हते.

पावसाळा संपता संपता ती मला भेटली, कॉलेजला जाताना, भर दुपारी. गावाकडे जाणाऱ्या रिक्षा लागतात तिथे ती रिकाम्या पाट्या एकात एक घालून बसली होती. मी तोंड चुकवून पुढे निघणार होते. तेवढ्यात तिने कपाळावरची टिकली नखाने काढली आणि काट्याच्या कडेला चिकटवून ठेवली. पदराने कपाळ पुसलं. मग बांगड्या उतरवून रुमालात बांधल्या.

मी गाडी थांबवली.

"मावशी, टिकली का काढली?"

ती दचकली. मग मला ओळखून तोंड भरून हसली. "गावात जायचंय ना ताई. टिकली लावून गेले तर बोंब व्हईल. सासू हाय, दीर हायेत."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? माझा मालक जाऊन लय वर्सं झाली. तुम्ही यायला लागल्या, त्याच्या आधीच."

मी खुळ्यासारखी तिच्या मोकळ्या कपाळाकडे बघत राहिले. ती पाट्यांवर हात ठेवून सांगत होती. "बिनटिकलीच्या बाईकडून सकाळी सकाळी कोन घेतंय? माझ्या डाव्या अंगाला बसती ना एक, बारीकशी, पांढऱ्या कपाळाची? तिची भाजी माझ्याहून भारी. मळ्यातून तोडून आणती. बघा बरं कितीजनी जातात तिच्याकडं. तिला म्हनलं, लाव गं, हितं कोन बघतंय. तर नाय म्हनती."

त्या बाईचा चेहरा मला आठवेना. इतकी वर्षं मी तिच्या भाजीवरून पाय टाकून गेले असेन. तिच्याकडून मी कधीच का घेतलं नाही, याचं कारण मी तिथेच उभ्या उभ्या शोधलं. भाव? मी कधी विचारलाच नव्हता. दर्जा? मी कधी वाकून पाहिलंच नव्हतं. त्या पहिल्या सकाळी मेथीच्या जुड्या दोघींकडे असणार, आणि मी दोघींकडे बघून या लाल टिकलीसमोर थांबले असणार. मला ते आठवत नाही, पण दुसरं काही कारण सापडतही नाही. वडिलांची लेक, वाणिज्याची शिक्षिका, आणि निवड कशावरून केली तर कपाळावरून. भर उन्हात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी माझ्यातली भांडखोर बाई गप्प बसली नाही. "मग मला का थांबवलंस त्या दिवशी? तुला तर कळायला हवं होतं."

"थांबवलं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? माझाच हात धजावला नाय. धंदा हाय ताई." मग थोडं पुढे झुकून, गुपित सांगावं तसं, म्हणाली, "टिकली लावून या की. पयली बोहनी तुमचीच. लोकांना कुठं ठावं हाय?"

रिक्षा आली. पाट्या वर चढवायला मी हात लावला आणि ती गेली.

रात्रभर मी मनाशी भाषणं केली. उद्या बाजारात जायचं, अशीच, मोकळ्या कपाळाने. मावशीला ओलांडून त्या डावीकडच्या बाईसमोर उभं राहायचं आणि तिची बोहनी करायची. एवढं तरी मी करू शकत होते, आणि त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती.

सकाळी गेले. बाजार नुकता लागला होता. गाडी लावली आणि तिथूनच दोघी दिसल्या. डावीकडची बारीक बाई खरंच तिथे होती, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, पुढे कोवळी, दव असलेली मेथी. तिच्यासमोर कोणी नव्हतं. मावशीसमोरही कोणी नव्हतं. आणि मावशीने मला पाहिलं, हात वर केला, पण हाक मारली नाही. ती माझ्या कपाळाकडे बघत थांबली होती.

जाऊबाईंनी आणलेलं पाकीट पर्समध्ये तसंच पडून होतं. मी गाडीच्या आरशात वाकून पाहिलं आणि टिकली लावली. नवरा गेल्यानंतर जाऊबाईंच्या रडण्याने मी जी लावली नाही, मुलाच्या सांगण्याने लावली नाही, ती.

"या ताई, या!" सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी हाक आली. "किती दिसांनी! करा बोहनी!"

मी मेथी घेतली. रोख नोट दिली. मावशीने ती काट्याला लावली, डोळ्यांना लावली आणि म्हणाली, "तुमचा हात लय चांगला हाय." मला इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले. शेजारची बाई माझ्याकडे बघत होती. गाडीपाशी टिकली लावताना तिने मला पाहिलं होतं. मी तिच्याकडे न बघता पिशवी उचलली.