एक अपडेट मागे घ्यायला अंबाजोगाईला गेलो

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी मी माझ्या टूलचं नवीन अपडेट सोडलं, आणि चहाचा कप उचलायच्या आत मला दरदरून घाम फुटला...

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डेटाबेस का रखडतोय, कुठल्या क्वेरीला, म्हणजे त्यातून माहिती मागवायला, किती वेळ लागतोय, हे दाखवणारं एक छोटं टूल मी बनवलंय. ओपन सोर्स आहे, म्हणजे फुकट, कुणीही घ्या, कुणीही वापरा. पोटासाठी एका कंपनीचं काम घाटनांदूरच्या घरात बसून करतो, आणि सुट्टीच्या दिवशी या लष्करच्या भाकऱ्या भाजतो.

या अपडेटवर सगळा उन्हाळा घातला होता. आलेख नवे केले, वेग वाढवला, शिवाय फार जुन्या नोंदी आपोआप साफ व्हायची सोय केली. ती सोय तपासताना 'तासाभरापेक्षा जुनं सगळं पुसून टाक' असं तात्पुरतं लिहिलं होतं... आणि ते तसंच राहून गेलं.

अपडेट बाहेर सोडलं की स्वतः एकदा उतरवून बघायची माझी पद्धत आहे. बघितलं तर माझ्या मशीनवरच्या पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी साफ. आता जगात जो कोणी हे अपडेट घेईल, त्याचंही असंच होणार होतं.

मागे घ्यायला एक बटण पुरतं. बटणाकडे बोट नेलं आणि लाईट गेली!

आमच्याकडे लाईट गेली की पाठोपाठ टॉवरही झोपतो. वायफाय गेलं, मोबाईलची रेंज गेली. बाहेर वारं सुटलेलं, कुठेतरी तार तुटली म्हणे... म्हणजे संध्याकाळपर्यंत नाव नको. लॅपटॉप फुल्ल चार्ज आणि मी त्याच्याकडे खुळ्यासारखा बघत बसलेलो.

पूर्वी एकदा कुठल्याशा दवाखान्यातल्या माणसाने या टूलबद्दल प्रश्न विचारला होता, एकदा एका बियाणांच्या कंपनीतल्या मुलीने. त्यांची तोंडंही मी कधी पाहिली नाहीत, पण त्या दिवशी ती सगळी डोळ्यांसमोर यायला लागली.

माझी गाडी नेमकी समोरच्या गॅरेजमध्ये इंजिन उघडून पडलेली. गॅरेज सलीमभाईंचं. आमच्या गल्लीतले जुने मेकॅनिक, वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. धावत गेलो, रेंजसाठी अंबाजोगाई गाठायला हवं म्हटलं आणि काय झालंय ते त्यांना गाडीच्या भाषेत सांगितलं.

"म्हंजी गिऱ्हाईकाच्या गाडीचं मीटरच पुसलं की तुमी!" ते एकदम गंभीर झाले. "लई वंगाळ काम झालं, इंजिनियर. बसा मागं."

एका गिऱ्हाईकाची नुकतीच दुरुस्त केलेली गाडी त्यांनी बाहेर काढली. गिऱ्हाईकाच्या गाडीवर कुठेही जायचं असलं की आमच्याकडे मेकॅनिक लोक त्याला 'ट्रायल' म्हणतात. पण थेट अंबाजोगाईपर्यंतची ट्रायल मी पहिल्यांदाच बघितली.

रस्ताभर मोबाईल तोंडासमोर धरलेला, पाठीवर लॅपटॉप, दातांत धूळ. डोक्यात एकच, की आत्ता या क्षणी कुणाचं तरी पुसलं जात असेल... आणि करणारा मी. इतकं असहाय मला कधी वाटलं नव्हतं. रडू येत होतं, खोटं कशाला सांगू.

सलीमभाई पुढून ओरडले, "कावून घाबरता? मी एकदा बिनब्रेकची गाडी घेऊन वडवणीला गेलतो. पोचलो का न्हाई?" यातून धीर कसा घ्यायचा ते मला कळलं नाही.

अंबाजोगाईत मेडिकल कॉलेजच्या अलीकडे एका हॉटेलच्या बाकावर रेंज मिळाली. आधी अपडेट मागे घेतलं. मग तक्रारींचं पान उघडलं, डोळे अर्धे मिटून.

एकही तक्रार नव्हती. डाउनलोडचा आकडा बघितला... एक. तो मीच.

जीव भांड्यात पडायला हवा होता. नाही पडला. मागचं अपडेट बघितलं, त्याच्या मागचं बघितलं, तिथेही एखाददुसराच. लोक केव्हाच दुसऱ्या टूलकडे गेले होते. आणि मी समजत होतो, कुणी काही विचारत नाही म्हणजे आपलं टूल मक्खन चाललंय!

सगळा उन्हाळा ज्या एका माणसासाठी खपलो, त्याचाच डेटा उडवला होता. बाकावरून उठावंसं वाटेना.

सलीमभाई दोन चहा घेऊन आले. "वाचले का लोकं?"

"वाचले."

"समदे?"

"सगळे."

"अल्ला का शुकर हाय," म्हणाले, आणि खरोखर खूश झाले. हॉटेलवाल्यालाही सांगून आले, की आमच्या गावच्या पोरानं आज लई लोकांचं नुकसान वाचवलं. मी चहा कसाबसा गिळला.

ती ओळ मी नंतर दुरुस्त केली, पण अपडेट परत सोडलेलं नाही. सोडायचं कुणासाठी? टूल बंद केल्याची पाटी लावावी म्हटलं, तर ती वाचायलाही कुणी यायचं नाही. रविवार आला की लॅपटॉप उघडतो, थोडा वेळ बघतो, मिटून ठेवतो. आजही काही बरं वाटत नाहीये.

सलीमभाई मात्र गॅरेज उघडताना रोज हाक मारतात, "इंजिनियर, तुमचे लोकं बरे हायेत ना?" मी म्हणतो, बरे आहेत.

सलीमभाई, तुम्ही फेसबुकवर नाही, म्हणूनच इथे लिहितोय... माझ्या टूलच्या लोकांची काळजी करणारं आता तुमच्याशिवाय कुणी नाही. लई उपकार आहेत तुमचे.